‘अजून कच्चा आहे’ : थांबवून ठेवलेल्या एका मोतीबिंदूचे प्रकरण

फेब्रुवारीतील एका सकाळी माण तालुक्यातल्या एका वाडीवरून ६४ वर्षांच्या एक आजी आमच्या बाह्यरुग्ण विभागात आल्या. मुलाने त्यांना दोन्ही खांद्यांना धरून चालवत आणले होते आणि कपाळाभोवती पदर घट्ट आवळून बांधला होता. उजवा डोळा लालभडक होता, पापणी सुजून अर्धी मिटली होती. तरीही तक्रार विचारली तेव्हा त्यांनी डोळ्याचे नाव आधी घेतलेच नाही. “चार दिस झालं, पित्तानं जीव हैराण झालाय बगा. उजवीकडचं डोस्कं फुटतंय, पानी प्यायलं तरी वकारी येती,” एवढेच त्या म्हणाल्या. डोळा लाल झाल्याचे तिसऱ्या दिवशी सुनेच्या लक्षात आले होते. त्या डोळ्याने आता काहीच दिसत नाही हे खुद्द आजींना कळले तेही योगायोगाने, तोंड धुताना डाव्या डोळ्यावर हात आला तेव्हा.

ओळख पटेल असा तपशील वगळून हे प्रकरण येथे सविस्तर मांडत आहे. आजार दुर्मीळ आहे म्हणून नव्हे. ग्रामीण भागात काम करणाऱ्या कोणत्याही नेत्रतज्ज्ञाने असे रुग्ण पाहिलेले असतात. या एका प्रकरणात मोतीबिंदू, काचबिंदू आणि मधुमेहामुळे पडद्यावर होणारे बदल हे तीन नेहमीचे आजार एकमेकांच्या आड लपलेले होते, आणि सगळ्या घोळाच्या मुळाशी ‘पिकणे’ हा एक साधा शब्द होता.

कार्डावरची चार अक्षरे

आजींना नऊ वर्षांपासून मधुमेह होता. गोळ्या चालू होत्या, पण सुगीच्या दिवसांत आणि उपवासाला त्या हमखास चुकत. उजव्या डोळ्याने तीन वर्षांपासून धूसर दिसत होते. दोन वर्षांपूर्वी गावात झालेल्या तपासणी शिबिरात त्यांची नजर तपासली गेली होती आणि त्या वेळचे कार्ड त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणले होते. उजव्या डोळ्याची नजर ६/६० आणि डाव्याची ६/१८ अशी नोंद होती. साठ मीटरवरून सुदृढ डोळ्याला जे अक्षर वाचता येते ते उजव्या डोळ्याला सहा मीटरवरून वाचावे लागत होते, असा त्याचा अर्थ. निदानाच्या जागी इंग्रजीत ‘आय.एम.एस.सी.’ अशी चार अक्षरे लिहिली होती आणि त्याखाली शस्त्रक्रियेचा सल्ला होता.

ही चार अक्षरे म्हणजे ‘इमॅच्युअर सिनाइल कॅटॅरॅक्ट’. भिंगाचा काही भाग अजून पारदर्शक आहे, एवढेच त्यातून सांगायचे असते. ही वर्णनाची संज्ञा आहे, तिच्यात थांबण्याचा सल्ला नाही. परंतु तालुक्याला शिकणाऱ्या नातवाने ‘इमॅच्युअर’चा अर्थ शोधला, तो ‘अपक्व’ निघाला आणि घरात त्याचा ‘कच्चा’ झाला. पुढचे सगळे आपोआप घडत गेले. कच्चे फळ कोणी तोडत नाही, कणीस भरल्याशिवाय काढणी होत नाही, मग मोती तरी न पिकता कसा काढायचा? शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनीही तसेच सांगितले, कारण त्यांच्या आईच्या वेळी डॉक्टरांनीच ‘पिकल्यावर या’ म्हणून परत पाठवले होते. त्यात ज्वारीची काढणी आली, मग नातीचे लग्न आले आणि दोन वर्षे निघून गेली. मधल्या काळात मोती विरघळावा म्हणून डोळ्यात मध घालून झाला. मधाने मोतीबिंदू विरघळत नाही. भिंग डोळ्याच्या आत आवरणात बंद असते आणि वरून घातलेला कोणताही पदार्थ त्याची पारदर्शकता परत आणू शकत नाही. निर्जंतुक नसलेल्या पदार्थाने बुबुळाला जखम किंवा संसर्ग मात्र होऊ शकतो. आजींच्या बाबतीत सुदैवाने तसे काही झाले नव्हते.

चार दिवस कुठे गेले

दुखणे सुरू झाले ते रात्री अकराच्या सुमारास. उजव्या भुवईपासून डोक्याच्या मागपर्यंत ठणका लागला आणि पाठोपाठ उलट्या सुरू झाल्या. त्याआधीच्या दोन-तीन संध्याकाळी खांबावरच्या दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असल्याचे त्यांनी सुनेला सांगितले होते, पण म्हाताऱ्या माणसाच्या अशा बोलण्याकडे घरात कोण लक्ष देतो? दुसऱ्या दिवशी गावातल्या दवाखान्यात पित्ताचे निदान झाले, सलाइन लागले, उलटी थांबण्याचे इंजेक्शन मिळाले आणि थोडा वेळ बरे वाटले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच झाले. डोळा लाल दिसल्यावर औषधाच्या दुकानातून ‘डोळे आल्याचे’ थेंब आणले गेले. त्या बाटलीत प्रतिजैविकाबरोबर स्टिरॉइडही होते. अशी बाटली चिठ्ठीशिवाय कोणालाही मिळावी, हा स्वतंत्र तक्रारीचा विषय आहे.

डोळ्याच्या आतील दाब एकाएकी वाढला की डोके दुखते आणि ओकारी येते. डोळ्यातील वेदना वाहून नेणाऱ्या चेतातंतूंचा आणि उलटीच्या प्रतिक्षिप्त क्रियेचा मेंदूच्या तळाशी संबंध असतो. म्हणून रुग्ण पोट धरून येतो आणि तपासणाराही पोटच तपासतो. अर्धशिशी, पित्त, वाढलेला रक्तदाब अशा नावांखाली हा आजार नेमका दडून बसतो. मला त्या दवाखान्याला फार दोष द्यावासा वाटत नाही. रुग्णानेच डोळ्याबद्दल काही सांगितले नव्हते आणि रात्री दिव्याखाली लाली नजरेत भरत नाही. तरीही एका बाजूचे डोके दुखून उलटी होत असेल, तर एकेक डोळा झाकून नजर विचारणे आणि बॅटरीच्या उजेडात दोन्ही बाहुल्या पाहणे याला मिनिटभरही लागत नाही, आणि त्या एका मिनिटाने हे निदान त्याच दिवशी झाले असते.

साधे डोळे येणे आणि हा प्रकार यांतला फरक रुग्णालाही ओळखता येण्याजोगा आहे. डोळे येतात तेव्हा चिपडे धरतात, खुपते, पाणी येते, बहुधा एका डोळ्यामागून दुसराही येतो. पण चिपडे पुसल्यावर नजर पूर्वीसारखीच असते आणि बाहुली काळीभोर, उजेडाला आकसणारी राहते. उसाचे पाचट किंवा ज्वारीचे धाट लागून बुबुळावर जखम चिघळली असेल, तर काळ्या भागावर पांढरा ठिपका दिसतो आणि उजेड सहन होत नाही. दाब चढलेल्या डोळ्यात चिपडे जवळजवळ नसतात, दुखणे डोक्यापर्यंत जाते, नजर घसरते आणि बुबुळ वाफ धरलेल्या काचेसारखे मळकट दिसते. डोळा लाल असून नजर कमी झाली असेल, तर थेंब घालून वाट पाहण्यासारखे त्यात काहीच नसते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पोचावे.

तपासणीत काय दिसले

उजव्या डोळ्यासमोर बोटे धरली तर मोजता येत नव्हती, हात हलवलेला कळत नव्हता. फक्त उजेड आहे की नाही तेवढे सांगता येत होते. वरून आलेल्या उजेडाची दिशा त्या दोनदा चुकल्या. बाहुली मध्यम रुंदावून थिजल्यासारखी झाली होती आणि तिच्यामागे मोत्यासारखे पांढरे, फुगलेले भिंग दिसत होते. डोळ्यातील दाब ५२ भरला. निरोगी डोळ्यात तो साधारण १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. डाव्या डोळ्याची नजर आता ६/३६ होती, दाब १६ होता आणि भिंगात मध्यम प्रतीचा मोतीबिंदू होता.

निदानासाठी दोन गोष्टी निर्णायक ठरल्या. पहिली म्हणजे बुबुळ आणि भिंग यांमधल्या पोकळीची खोली. डाव्या डोळ्यात ती २.६ मिलिमीटर होती, तर उजव्यात जेमतेम १.८. पाण्याच्या निचऱ्याचा कोन मुळातच अरुंद असलेल्या डोळ्यांत होणाऱ्या काचबिंदूत दोन्ही बाजू साधारण सारख्याच उथळ असतात. इथे फरक मोठा होता, म्हणजे उजवीकडे भिंगच फुगून पुढे सरकले होते. जुन्या मोतीबिंदूचा दुसरा एक प्रकार असा असतो की अतिपक्व भिंगातील प्रथिने आवरणातून झिरपतात आणि त्यांनी डोळ्यातील पाण्याचा निचरा तुंबतो. त्यात पोकळी उलट खोल असते आणि तिच्यात पांढरे कण तरंगताना दिसतात. तो प्रकार येथे नव्हता.

दुसरी गोष्ट बाहुलीची प्रतिक्रिया. मोतीबिंदू कितीही दाट, पांढराशुभ्र असला, तरी त्यातून झिरपलेला उजेड पडद्यापर्यंत पोचतो. त्यामुळे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस शाबूत असेल तर एका डोळ्यावरून दुसऱ्यावर बॅटरी फिरवताना दोन्ही बाहुल्या सारख्याच आकसतात. आजींची उजवी बाहुली थिजलेली असल्याने डाव्या बाहुलीकडे पाहून अंदाज घ्यावा लागला. उजव्या डोळ्यावर उजेड टाकताच डावी बाहुली आकसण्याऐवजी रुंदावत होती. उजव्या डोळ्याच्या नसेला इजा झाली आहे याची ही पहिली खूण होती, आणि कितीही चांगली शस्त्रक्रिया केली तरी ती इजा भरून येणार नव्हती.

पांढऱ्या भिंगाआडचा पडदा नजरेने पाहता येत नाही, म्हणून सोनोग्राफी केली. पडदा जागेवर होता, आत रक्तस्राव नव्हता. रक्तातील साखर २८६ आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी चाचणी ९.२ आली.

भिंग फुगते म्हणजे काय होते

डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो, मिनिटाला साधारण दोन ते अडीच मायक्रोलिटर. तो आयरिसच्या (बाहुलीभोवतीच्या रंगीत चकतीच्या) मागच्या बाजूने निघून बाहुलीतून पुढे येतो आणि बुबुळ व आयरिस यांच्या कोनातल्या जाळीतून बाहेर झिरपतो. तयार होणे आणि निचरा होणे यांचा मेळ असला की दाब स्थिर राहतो. मोतीबिंदू वाढताना काही भिंगांत पाणी शिरून ते फुगते. फुगलेले भिंग मागून बाहुली अडवते, द्रव आयरिसच्या मागे साठतो, आयरिस पुढे रेटली जाते आणि कोनातली जाळी झाकली जाते. मोरीच्या जाळीवर फडके येऊन बसावे आणि नळ मात्र चालूच राहावा, तसा हा प्रकार आहे. वाढलेल्या दाबाने बुबुळात पाणी शिरून ते धुरकट होते. दिव्याभोवतीची रंगीत कडी त्याचीच. मागच्या बाजूला नसेचे तंतू दाबले जातात आणि त्यांचा रक्तपुरवठा तुटतो. मरून गेलेले तंतू पुन्हा उगवत नाहीत.

मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही, हे वाक्य रुग्ण बऱ्याचदा ऐकतात. या आजाराची मेख अशी की पहिल्याकडे दुर्लक्ष केल्यानेच दुसरा झाला.

‘पिकणे’ आले कुठून

या समजुतीला अडाणीपणा म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही, कारण एके काळी ती नेत्रवैद्यकाचीच शिकवण होती. फ्रान्समध्ये जाक दाव्हिएल यांनी १७४७ मध्ये भिंग डोळ्याबाहेर काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. तीत भिंगाचे आवरण फाडून आतला कठीण गाभा बाहेर ढकलला जाई. मोतीबिंदू अर्धवट असेल तर गाभ्याभोवतीचा मऊ, चिकट भाग आवरणाला धरून राही, आत उरे आणि त्याने डोळा सुजे. सगळे भिंग घट्ट होऊन सुटे होईपर्यंत थांबण्याला त्या तंत्रात अर्थ होता.

पुढे विसाव्या शतकात आवरणासकट अख्खे भिंग काढण्याची पद्धत रूढ झाली, पण काढलेल्या भिंगाच्या जागी काही बसवले जात नसे. शिबिरात ऑपरेशन झालेल्या आजोबांचे ते सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखे जाड चष्मे पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना आठवत असतील. त्या चष्म्यातून वस्तू सुमारे पाव पटीने मोठी दिसे. एका डोळ्याचे ऑपरेशन झाले आणि दुसऱ्याने बऱ्यापैकी दिसत असले, तर मेंदूला दोन निराळ्या आकारांची चित्रे जुळवता येत नसत आणि रुग्ण चक्रावून जाई. म्हणून दोन्ही डोळ्यांनी दिसेनासे होईपर्यंत थांबवणे हा त्या काळी रुग्णाच्या सोयीचाच विचार होता. शेजारच्या गृहस्थांच्या आईला दिलेला सल्ला त्या वेळी चूक नव्हता.

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरॉल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी पहिल्यांदा कृत्रिम भिंग डोळ्यात बसवले. लढाऊ विमानांच्या छतातील ॲक्रिलिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात गेले तरी डोळा त्यांना विरोध करत नाही, हे त्यांनी पाहिले होते आणि त्यातूनच ही कल्पना निघाली. भारतात कृत्रिम भिंग गावापर्यंत पोचायला बराच काळ लागला. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने ज्या सात राज्यांत मोतीबिंदू निर्मूलनाचा प्रकल्प राबवला गेला त्यांत महाराष्ट्र होता, आणि त्यानंतर शिबिरातले जाड चष्मे दिसेनासे होत गेले. आज भिंग डोळ्यातच बसते, दोन डोळ्यांच्या चित्रांत फरक पडत नाही आणि गाभा जितका मऊ तितकी शस्त्रक्रिया सोपी. थांबण्याची दोन्ही कारणे संपली आहेत, शब्द मात्र मागे उरला आहे. आम्ही डॉक्टरही तो वापरतो. माझ्या उमेदवारीच्या वर्षांत ‘अजून पिकला नाही, सहा महिन्यांनी दाखवा’ असे मीही कित्येकांना सांगितलेले आहे.

२०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात ५० वर्षांवरील व्यक्तींच्या अंधत्वामागे मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के आढळला. ज्या आजारावर सरकारी रुग्णालयांत भिंगासह मोफत शस्त्रक्रिया होते, त्याचा वाटा एवढा मोठा असावा यामागे अंतर, भीती, सोबतीला माणूस नसणे अशी अनेक कारणे आहेत. त्यांत हा शब्दही धरावा, असे माझे मत आहे.

उपचार

दाखल केल्यावर पहिले काम दाब उतरवण्याचे. हृदय आणि मूत्रपिंडाची स्थिती तपासून शिरेतून मॅनिटॉल दिले. आजींचे वजन ५२ किलो असल्याने २० टक्के द्रावणाचे सुमारे २५० मिलिलिटर अर्ध्या-पाऊण तासात गेले. हे औषध डोळ्यातील पाणी रक्तात ओढून घेते. ज्यांचे हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर आहे त्यांना ते झेपत नाही. सोबत ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या दिल्या आणि दम्याचा त्रास नाही याची खात्री करून टिमोलॉलचे थेंब सुरू केले. गोळ्यांनी बोटांना मुंग्या येतात हे आधीच सांगितले होते, नाहीतर ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून त्या बंद केल्या जातात. सूज उतरण्यासाठी स्टिरॉइडचे थेंब दिले. दुकानातून आणलेल्या बाटलीतही स्टिरॉइडच होते. पण तेव्हा दाब मोजलेला नव्हता आणि आता तो दर काही तासांनी मोजला जात होता. दोन तासांत दाब ५२ वरून ३४ वर आला, दुसऱ्या सकाळी २४ झाला. उलट्या थांबल्या आणि चार दिवसांनी आजींनी दूधभात खाल्ला.

इथेच बरेच नातेवाईक गडबडतात. दुखणे थांबले म्हणजे आजार गेला असे वाटून घरी नेण्याची भाषा सुरू होते. औषधाने दाब उतरला तरी फुगलेले भिंग होते तिथेच असते. ते काढणे हाच खरा उपचार.

साखरेचा प्रश्न दुसरा. ‘शुगर नॉर्मल आल्याशिवाय ऑपरेशन होत नाही’ हे वाक्य लोकांच्या डोक्यात पक्के बसले आहे. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेआधी साखर आटोक्यात आणणे योग्यच, कारण अनियंत्रित साखरेत जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. परंतु येथे प्रत्येक दिवसागणिक नस सुकत होती. फिजिशियनच्या सल्ल्याने इन्सुलिन सुरू केले आणि तिसऱ्या दिवशी साखर १७८ असताना शस्त्रक्रिया केली.

त्याआधी मुलाने विचारले, “दिसंल ना नक्की?” दुखणे जाईल, डोळा वाचेल, पण नजर किती येईल याची हमी नाही, असे सांगून तेच संमतिपत्रावर मराठीत लिहिले आणि त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतले.

डोळ्याभोवती भूल देऊन, छोट्या छेदाची बिनटाक्याची पद्धत निवडली. धूसर बुबुळ आणि उथळ पोकळी असलेल्या डोळ्यात यंत्राने भिंग फोडून काढण्यापेक्षा ती मला अधिक सुरक्षित वाटते. पांढऱ्या भिंगावर त्याचे पारदर्शक आवरण दिसत नाही, म्हणून ते ट्रिपॅन ब्लू या निळ्या रंगाने रंगवून घेतात. फुगलेल्या भिंगात आतून ताण असतो. सुईचे टोक लागताच आवरण दोन्ही बाजूंना सरळ फाटत गेले, तर निळ्या पट्ट्यांमध्ये पांढरा पट्टा उमटतो. नेत्रतज्ज्ञ त्याला अर्जेंटिनाचा झेंडा म्हणतात आणि तो आपल्या टेबलावर फडकू नये अशी प्रार्थना करतात. आम्ही आधी बारीक सुईने आतले ताकासारखे पांढरे पाणी ओढून घेतले, ताण उतरला आणि आवरण गोल कापता आले. आतला गाभा चिंचोक्याच्या रंगाचा होता. भिंगाची ताकद आदल्या दिवशी सोनोग्राफीच्या तंत्राने मोजून ठेवली होती, कारण प्रकाशावर चालणाऱ्या यंत्राला इतक्या पांढऱ्या मोतीबिंदूच्या पलीकडचे मोजता येत नाही. कृत्रिम भिंग मूळ आवरणातच बसले.

काय परत आले, काय नाही

पहिल्या दिवशी पट्टी काढल्यावर दोन मीटरवरची बोटे मोजता आली, दाब २० होता. सहा आठवड्यांनी बुबुळ स्वच्छ झाले, परंतु नजर चष्मा लावूनही ६/३६ च्या पुढे गेली नाही. आता नस प्रत्यक्ष दिसत होती आणि ती फिकट पडली होती. दृष्टिक्षेत्राच्या चाचणीत वरचा अर्धा भाग जवळजवळ नाहीसा झालेला आढळला. कोनाचा काही भाग कायमचा चिकटल्यामुळे दाब काबूत ठेवायला टिमोलॉलचे थेंब चालू ठेवावे लागले.

आणखी एक गोष्ट मोतीबिंदूआडून बाहेर आली. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर मधुमेहाने झालेले रक्ताचे बारीक ठिपके आणि मेणचट पिवळे डाग होते. आजार मध्यम टप्प्यावर होता; पडद्याच्या मध्यभागी सूज नव्हती, म्हणून इंजेक्शन किंवा लेसरची गरज पडली नाही. या टप्प्यावर रुग्णाला कसलाही त्रास जाणवत नाही. मधुमेह असलेल्याने, दिसत असो वा नसो, वर्षातून एकदा बाहुली रुंदावून पडदा तपासून घ्यावा असे सांगतात ते यासाठीच. नऊ वर्षांत आजींची ही तपासणी एकदाही झाली नव्हती.

डाव्या डोळ्याकडे आम्ही पहिल्यापासून लक्ष ठेवले होते. कोन अरुंद असल्याने दाखल असतानाच आयरिसला लेसरने बारीक छिद्र पाडून पाण्याला दुसरी वाट करून दिली होती. काही मिनिटांचे, बिनभुलीचे म्हणावे असे हे काम आहे. थेंबांनी डोळा बधिर केला की पुरते. सात आठवड्यांनी त्या डोळ्याचा मोतीबिंदू फेको, म्हणजे यंत्राने भिंग फोडून काढण्याच्या, पद्धतीने काढला. तो शिबिराच्या भाषेत ‘कच्चा’च होता. गाभा मऊ, काम वीस मिनिटांचे, नजर ६/९.

त्या दिवशी मुलाने बाजूला येऊन जे विचारले ते मी अपेक्षित धरलेलेच होते : हा डोळा एवढा चांगला झाला, मग पहिल्या ऑपरेशनमध्ये काही चुकले का? मी त्याला दोन्ही डोळ्यांच्या नसांची छायाचित्रे संगणकावर शेजारीशेजारी दाखवली. डावी नस गुलाबीसर, उजवी पांढुरकी. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग त्याने कार्ड मागितले. दोन वर्षांपूर्वीची तारीख त्याने बोटाने दाखवली आणि विचारले, त्या वेळी केले असते तर? दोन्ही डोळे डाव्यासारखे झाले असते का, याचे उत्तर शंभर टक्के होय असे कोणी देऊ शकत नाही, मधुमेह होताच. पण दाब चढून नस सुकण्याची ही वेळ आली नसती, हे मी त्याला स्पष्ट सांगितले.

तेव्हापासून आमच्या कार्डावर त्या चार अक्षरांखाली मराठीत एक ओळ लिहिली जाते : ‘शस्त्रक्रियेस योग्य, रोजच्या कामाला अडचण होत असल्यास थांबू नये.’ मोतीबिंदू दिसला की लगेच काढा असा त्याचा अर्थ नाही. नजर ६/९ असलेल्या आणि कसलीही तक्रार नसलेल्या माणसाला मी आजही परत पाठवतो, मात्र पुढची तारीख देऊन, आणि कोन व दाब पाहून. मोटारसायकल चालवणाऱ्याला ६/१८ ने अडते, घरात बसणाऱ्याला कदाचित अडत नाही. तो निर्णय रुग्णाने त्याच्या कामावरून घ्यावा. भिंग पांढरे होऊ लागले, कोन उथळ होत चालला किंवा मोतीबिंदूमुळे पडदा तपासता येईनासा झाला, तर मात्र निर्णय रुग्णाच्या सोयीवर सोडता येत नाही.

आजी आता दर चार महिन्यांनी दाब मोजायला आणि सहा महिन्यांनी पडदा दाखवायला येतात. मागच्या खेपेला दाब उजवीकडे १७, डावीकडे १४ होता आणि एचबीएवनसी ७.४ वर आले होते. अरुंद कोन रक्ताच्या नात्यात आढळतो म्हणून सख्ख्या भावंडांना आणायला सांगितले होते. त्याप्रमाणे त्यांचे धाकटे भाऊ म्हसवडहून आले. त्यांना डोळ्यांची काहीच तक्रार नव्हती. कोन दोन्ही बाजूंना अरुंद निघाला आणि त्याच दुपारी लेसर करून ते संध्याकाळच्या एस.टी.ने परत गेले.